पेटंट आणि नावीन्याची कसोटी

शोध नवा असेल आणि त्या क्षेत्रातील जाणकाराला सहज सुचण्याजोगा नसेल, तरच त्यास पेटंट मिळते. म्हणून पेटंटच्या वादात ‘हे आधी ठाऊक होते काय?’ हा प्रश्न कळीचा ठरतो. गोल्फच्या चेंडूचे उदाहरण घ्या. आतल्या थरांवर मऊ पॉलियुरेथेनचे आवरण असलेल्या रचनेवरून कॅलवे कंपनीने २००६ मध्ये अमेरिकेत ॲकुशनेटविरुद्ध दावा लावला. २०१० मध्ये ज्यूरीने कॅलवेचीच पेटंटे अवैध ठरवली.

हीच कसोटी आपल्या हळदीलाही लागली. जखमेवर हळद दाबावी, हे शेलूबाजारसारख्या गावांत घरोघरी ठाऊक असते. तरीही १९९५ मध्ये अमेरिकेत त्यावर पेटंट दिले गेले. तेथील तत्कालीन कायद्यात परदेशातील मौखिक ज्ञान ग्राह्य नव्हते; छापील पुरावा लागे. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने जुने ग्रंथ व शोधलेख सादर केले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले.

आपल्या गावातील असे एखादे ज्ञान आठवून पाहा. ते कोठे लिहून ठेवले आहे काय?