औरंगाबादची छावणी आणि तिच्या वाटा

देवगांव रंगारी हें कन्नड तालुक्यांतील गांव वेरुळहून नांदगांवकडे जाणाऱ्या सडकेवर आहे. १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद लोहमार्ग पुरा होईपर्यंत मुंबईकडील माणूस नांदगांव स्टेशनांत उतरे आणि या बाजूच्या सडकेनें टांग्यांतून औरंगाबादेस येई. औरंगाबाद म्हणजे आजचें छत्रपति संभाजीनगर. २०२३ पासून हें नांव अधिकृत झालें आहे. आमच्या वाचकांनीं या शहरीं येऊन लेणीं, मकबरा व पाणचक्की पाहिलीं असतील. छावणीपाशीं मात्र सहसा कोणी थांबत नाहीं. आम्हांस वाटतें, तेथें थोडें थांबावें.

प्रथम नकाशा पुढें घ्यावा. शहर खाम नदीच्या खोऱ्यांत, समुद्रसपाटीपासून सुमारें १८५० फूट उंचीवर वसलेलें आहे. उत्तरेस अजिंठ्याची डोंगररांग आडवी पसरली असून तिच्या खालीं खानदेश आहे. तोफा व गाडे घेऊन ही रांग उतरावयाची तर वाटा मोजक्याच. एक कन्नडचा घाट, ज्याला पुढें औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचें नांव पडलें. हा चाळीसगांवकडे उतरतो. दुसरा फर्दापूरचा, म्हणजे अजिंठ्याचा घाट. पश्चिमेची नांदगांवची सडक ही तिसरी. शिवाय टोक्यापाशीं गोदावरी ओलांडून अहमदनगर व पुणें गांठतां येतें, आणि पूर्वेस जालन्यावरून वऱ्हाडांत किंवा हैदराबादेकडे जातां येतें. या साऱ्या वाटांची गांठ औरंगाबादेस पडते. दौलताबादचा किल्ला जवळच आहे खरा. परंतु किल्ला जागचा हालत नाहीं, आणि घाटांवर नजर ठेवण्यास दौडणारे स्वार लागतात. त्यांना मोकळें मैदान, पाणी व चारा हवा. शहराच्या तटाबाहेर खामेच्या कांठीं तें सर्व होतें.

या वाटांची किंमत १८०३ सालीं दिसून आली. जनरल वेलस्ली ऑगस्टांत अहमदनगर घेऊन औरंगाबादेस पोहोंचतो तोंच शिंदे-भोसल्यांचें सैन्य अजिंठ्याचा घाट चढून जालन्याच्या रोखानें आलें होतें. २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली.

निजामाच्या राज्यांतील तैनाती फौज निराळी आणि औरंगाबादेस राहिलेली 'हैदराबाद कंटिंजंट' निराळी. या दोहोंची गफलत पुष्कळदां होते. १८०० च्या तहान्वयें तैनाती फौजेसाठीं निजामानें मुलूख तोडून दिला, आणि त्याखेरीज युद्धप्रसंगीं ६००० पायदळ व ९००० स्वार देण्याचें कबूल केलें. हें सैन्य इंग्रजांस कुचकामी वाटलें, म्हणून रेसिडेंट हेन्री रसेल यानें त्यावर इंग्रज अधिकारी नेमले. पगार निजामाचा, हुकूम इंग्रजांचा! घरधन्यानें पोसलेला पहारेकरी शेजाऱ्याच्या शब्दावर उठावा बसावा, असा हा प्रकार होता. पगार थकत गेला, कर्ज वाढत गेलें, आणि कंपनीचें देणें चाळीस लाखांवर गेल्यावर २१ मे १८५३ च्या तहानें वऱ्हाड, धाराशिवचा भाग व रायचूर दुआब खर्चापोटीं इंग्रजांच्या हातीं गेले. पुढचे दोन १८६० त परत मिळाले. वऱ्हाड गेलें तें गेलेंच; १९०२ सालीं वार्षिक २५ लाखांवर त्याचा कायमचा पट्टा झाला. आमच्या वऱ्हाडी वाचकांच्या पणजोबांनीं भरलेला शेतसारा औरंगाबादेच्या घोड्यांच्या चंदीस लागत होता, हें त्यांस ठाऊक नसेल.

या पहारेकऱ्यांना स्वतःचें मन होतें, हें १८५७ च्या जूनमध्यें कळलें. कंटिंजंटच्या पहिल्या रिसाल्यांत बातमी पसरली कीं आपणांस दिल्लीच्या बादशहावर नेणार. स्वारांनीं कॅप्टन ॲबट याला स्पष्ट सांगितलें कीं आम्ही जाणार नाहीं. पुण्याहून जनरल वुडबर्न गोरे स्वार, तोफखाना व पायदळ घेऊन धांवला. कित्येक स्वार निसटले. सांपडलेल्यांपैकीं कांहींना फांशी, कांहींना गोळ्या आणि कांहींना तोफेचें तोंड मिळालें. आजच्या क्रांति चौकाजवळील काळा चबुतरा ती जागा दाखवितो, अशी परंपरा आहे.

लष्करी दृष्ट्या पाहिलें तर खरी गोष्ट याहून पुढें आहे. वुडबर्नला महूस त्वरेनें पोहोंचावयाचें होतें. औरंगाबादच्या बंदोबस्तांत व खटल्यांत त्याचे दिवस गेले, तो आजारीहि पडला, आणि १ जुलैला इंदूर व महू येथें उठाव झाला. एका रिसाल्याच्या नकारानें एक अख्खी पलटण वाटेंत अडकून पडली होती! ज्यांना दिल्लीवर जावयाचें नव्हतें, त्यांनीं दुसऱ्यांनाहि वेळेवर जाऊं दिलें नाहीं. इतिहासाच्या शालेय पुस्तकांत याला एक ओळसुद्धां मिळूं नये, याचें आम्हांस वाईट वाटतें.

१९०३ सालीं कंटिंजंट मोडून तिच्या पलटणी हिंदी सैन्यांत मिसळल्या. जुन्या वाटा मात्र पुन्हां एकदां लष्कराच्या उपयोगीं पडल्या. सप्टेंबर १९४८ मध्यें भारतीय सेना निजामाच्या हद्दींत शिरली, तेव्हां औरंगाबादच्या रोखानें तिच्या सहा तुकड्या आल्या. १४ तारखेस दुपारीं शहराचे मुलकी अधिकारी शरण आले; जालन्याकडे मात्र निजामी सैन्यानें नेटानें विरोध केला. १७ तारखेस सर्व आटोपलें.

महाराष्ट्रांत ज्या सात जागीं छावणी मंडळें नांदलीं, त्यांत खडकी, देवळाली, कामठी यांच्या जोडीस औरंगाबाद आहे. खामेचा पूल ओलांडून दौलताबाद-वेरुळच्या दिशेनें निघालें कीं ही छावणी लागते, आणि पुढें तीच सडक देवगांवास जाते.