पलटण्याआधीची पंचेचाळीस मिनिटं

९ ऑक्टोबर १९८९च्या एका कार्यक्रमाची टेप माझ्याकडे आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, हॅम्प्टन कोलिझियममध्ये ग्रेटफुल डेड हा रॉक बँड वाजवत होता. श्रोत्यांत उभ्या असलेल्या कुणीतरी तो टिपला. दुसऱ्या सत्रात एका ठिकाणी वाद्यं जरा निवळतात, चार-दोन ओळखीचे सूर येतात आणि लोकांचा असा कल्लोळ उठतो की बँड त्याखाली बुडून जातो. गिटार कुठे गेली ते काही क्षण कळत नाही. मग आवाज ओसरतो आणि खालून तीच धून शांतपणे चालत येते.

‘डार्क स्टार’ सुरू झालं होतं. जुलै १९८४नंतर पाच वर्षं बँडने ते वाजवलंच नव्हतं. १९६८मध्ये त्याची तबकडी निघाली तेव्हा ते तीन मिनिटांचंही नव्हतं. मंचावर मात्र ते वीस-वीस, तीस-तीस मिनिटं फुलत जायचं. १९६९च्या ‘लाइव्ह/डेड’ या संचात त्याने तेवीस मिनिटं घेतली आहेत. हॅम्प्टनचे ते दोन दिवस गर्दी आवरावी म्हणून अगदी आयत्या वेळी जाहीर झाले, तेही ‘पूर्वीचे वॉरलॉक्स’ या नावाने. १९६५मध्ये बँड सुरू झाला तेव्हाचं त्याचं नाव वॉरलॉक्स होतं. ज्यांना ही खूण कळली ते आत होते. पाच वर्षांची वाट पाहणं एका क्षणात कसं मोकळं होतं, हे ऐकायचं असेल तर ही टेप ऐकावी.

मिक्सरवरून थेट घेतलेल्या टेपवर असा कल्लोळ ऐकू येत नाही. मिक्सरमध्ये येतात ती मंचावरची वाद्यं आणि गळे, स्वच्छ आणि सुटे. लोक दूर राहतात. सुरुवातीला मला साहजिकच ती स्वच्छ टेप बरी वाटायची. श्रोत्यांतून घेतलेल्या, थोड्या घुमणाऱ्या टेपवर जाणती माणसं जीव का टाकतात, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. ते कळलं ते पुण्यातल्या आमच्या घरात, त्यामुळे त्याबद्दल शेवटी लिहितो.

आमच्याकडे वडिलांचे एक मित्र यायचे. आम्ही त्यांना नुसतं काका म्हणायचो. ओळखीच्या कुणाच्याही घरी गाण्याची बैठक असली की काका आपला स्पूलचा रेकॉर्डर घेऊन तासभर आधी हजर व्हायचे. तानपुऱ्यांपासून किती हात दूर, पंख्याच्या वाऱ्यात न येणारी, येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय लागणार नाही अशी जागा ते शोधायचे. बैठकीनंतर आठ-पंधरा दिवस लोक त्यांच्याकडे यायचे, कोरी कॅसेट हातात घेऊन. ‘काका, एवढी भरून द्या ना.’ काका पैसे घेत नसत. कॅसेट मात्र ज्याची त्याने आणायची.

पुढे कामानिमित्त कॅलिफोर्नियात काही वर्षं काढली. तिथे एका वयस्कर सहकाऱ्याच्या घरी भिंतभर कॅसेटी पाहिल्या. प्रत्येकीच्या कण्यावर बारीक अक्षरात तारीख, गाव, सभागृह. त्या कशा मिळवल्या, असं विचारलं. तो म्हणाला, कोऱ्या कॅसेटी आणि परतीचं टपाल पाठवायचं, समोरचा भरून पाठवतो. पैसे घेतले तर बदनामी होते. मला काकाच आठवले.

ग्रेटफुल डेडच्या बाबतीत हे का घडलं, याचं उत्तर त्यांच्या वाजवण्यात आहे. जेरी गार्सिया, बॉब वीअर, फिल लेश, बिल क्रॉइट्झमन, मिकी हार्ट आणि वेळोवेळी बदललेले त्यांचे साथीदार, यांनी तीस वर्षांत सुमारे २,३०० कार्यक्रम केले. आज काय वाजवायचं याची यादी ठरलेली नसायची. एक गाणं संपायच्या आधीच दुसऱ्याकडे वळायचं, वाटेत रेंगाळायचं, कधी वाट पूर्ण चुकायची. काही रात्री ते अगदी सुमार वाजवायचे आणि श्रोते तेही मान्य करायचे. ज्याने यमन दहा मैफलींत ऐकलाय त्याला हे निराळं समजावून सांगायला नको. कालचा यमन आज येत नाही. म्हणून हे लोक बँडच्या मागून गावोगाव जायचे. ज्याला जाता आलं नाही त्याला त्या रात्रीचं काहीतरी पोचवणं, हे जाऊन आलेल्याचं काम ठरलं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हे सारं चोरून चालायचं. डेक, माइक, सेल आणि कोऱ्या कॅसेटी कपड्यांत लपवून आत न्यायच्या. बँडला हे माहीत होतं. आपण वाजवून झालं की ते ऐकणाऱ्यांचं झालं, अशी गार्सियाची भूमिका होती. हळूहळू माइकचे उंच स्टँड उघडपणे उभे राहू लागले आणि अडचण झाली. चांगला आवाज मिक्सरच्या पुढ्यात मिळतो, म्हणून सगळे तिथेच दाटी करायचे आणि मिक्सरवर बसलेल्या डॅन हीलीला मंचच दिसेना. अशा वेळी माइकबंदी करणं सोपं होतं. ऑक्टोबर १९८४मध्ये बर्कलीच्या कम्युनिटी थिएटरमध्ये बँडने मिक्सरच्या मागची जागाच टेप करणाऱ्यांसाठी राखून ठेवली आणि पुढे त्यांच्यासाठी वेगळी तिकिटं काढली. अट एकच, टेप विकायची नाही.

त्या काळात बहुतेक रॉक मंडळी रेकॉर्डर दिसला की जप्त करायला लावत. या बँडने फुकट वाटू दिलं आणि त्यांच्या तिकिटांना मागणी वाढतच गेली, हा हिशेब व्यवस्थापनाच्या वर्गांत आता शिकवतात. मला त्या हिशेबापेक्षा विश्वास मोठा वाटतो. आपली सुमार रात्रही लोकांच्या हाती राहील आणि तरी ते पुन्हा येतील, एवढी खात्री कलाकाराला असावी लागते.

टेप करणारा माणूस कार्यक्रम कसा ऐकतो, हे मला त्या सहकाऱ्याने सांगितलं. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. चाळीस मिनिटं उलटली की जिवाची घालमेल सुरू होते. आता पलटावी, तर गाणं ऐन रंगात आहे. थांबावं, तर फीत संपून खट्कन बंद पडेल. दोन गाण्यांमधल्या टाळ्यांची फट हेरायची आणि त्या काही सेकंदांत, अंधारात, बोटांनी चाचपून कॅसेट उलटी घालायची. पण दुसऱ्या सत्रात गाणी एकमेकांत मिसळलेली, फट येतच नाही. मग कुठला तुकडा गमवायचा हे त्याने ठरवायचं. शेजारच्याशी बोलायचं नाही, माइकजवळ टाळी वाजवायची नाही, नाचायचं तर नाहीच. भोवती हजारो माणसं डोलत असताना हा एकटा हिरव्या-लाल काट्याकडे बघत उभा. नव्वदच्या सुमारास डिजिटल टेप आली, दोन तास सलग चालायला लागली आणि ही घालमेल संपली. जुन्या टेपांतलं ते ‘खट्’ मात्र मला प्रिय आहे. तिथे कुणीतरी दुसऱ्यासाठी आपली मैफल मोडून घेतलेली असते.

मग वाटप. मूळ टेपवरून काढली ती पहिली पिढी, तिच्यावरून काढली ती दुसरी. प्रत्येक पिढीगणिक फितीचा सूं-सूं आवाज वाढतो, वरच्या पट्टीतली चमक कमी होते. दोन डेकची गती जराशी वेगळी असली तर गाणं अर्ध्या सुराने चढतं किंवा उतरतं. पाचव्या-सहाव्या पिढीत गायक पावसाच्या पडद्याआडून गातोय असं वाटतं. यावर चाहत्यांनी उपाय काढला तो वृक्षाचा. मूळ टेपवाला चार-पाच जणांना नक्कल देणार, ते पुढे प्रत्येकी चार-पाच जणांना. कुणी कुणाला द्यायची हे आधी कागदावर मांडलेलं, म्हणजे कुणीच मुळापासून फार लांब पडत नाही आणि कुणा एकावर बोजाही येत नाही. ज्याची ओळखदेख नाही त्याच्यासाठी दीड-दोन तास डेकपुढे बसायचं, वर गाण्यांची यादी हाताने लिहायची, पाकीट चिकटवून टपालात टाकायचं. अशी हजारो पाकिटं वर्षानुवर्षं अमेरिकेच्या टपालातून फिरत होती. १९७४मध्ये या अदलाबदलीसाठी निघालेल्या एका छोट्या पत्रकाचं पुढे ‘रेलिक्स’ हे संगीत मासिक झालं.

या व्यवहारातली सर्वांत नावाजलेली टेप ८ मे १९७७ची. न्यूयॉर्क राज्यातलं इथाका, कॉर्नेल विद्यापीठाचा बार्टन हॉल. मे महिना असून लोक बाहेर पडले तेव्हा बर्फ पडत होतं, ही आठवण तिथे गेलेला प्रत्येक जण सांगतो. ती रात्र मिक्सरवरून टिपली होती बेटी कॅन्टर-जॅक्सन या बँडच्या ध्वनिमुद्रकाने. ध्वनिमुद्रणात तेव्हा बायका जवळपास नव्हत्याच आणि हिच्या कानाला तोड नव्हती. पुढे तिची बँडशी साथ सुटली, दिवस ओढगस्तीचे आले, गोदामाचं भाडं थकलं आणि १९८६मध्ये तिच्या सामानाचा लिलाव झाला. त्यात टेपांचे ढीग होते. त्यातल्या बऱ्याच चाहत्यांच्या हाती लागल्या, खराब झालेल्या काहींची डागडुजी चाहत्यांनीच केली आणि नकला सगळीकडे पसरल्या. कॉर्नेलची रात्र अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत २०११च्या यादीत गेली. तिची अधिकृत तबकडी निघाली २०१७मध्ये, म्हणजे लोकांनी पाठ केल्यानंतर. ती रात्र सर्वोत्तम होती का, यावर जाणकार अजून भांडतात. मला वाटतं, ती टेप इतकी स्वच्छ होती आणि इतक्या जणांकडे पोचली की तिथे नसलेले लाखभर लोकही ‘आम्ही होतो’ म्हणावं इतके तिथे होते.

ऐकण्यात वाटेकरी करून घ्यायची रीत टेपपुरती नव्हती. सभागृहाबाहेर एक बोट वर करून उभी असलेली माणसं म्हणजे तिकीट नसलेली, कुणीतरी जादा तिकीट फुकट देईल या आशेवरची. आणि मिळायचंही. १९८३पासून बँड टपालाने तिकिटं विकू लागला, तेव्हा लोक मागणीची पाकिटं रंगवून पाठवायला लागले. गुलाब, कवट्या, नाचणारी अस्वलं. दारू-नशा सोडलेल्या श्रोत्यांचा ‘व्हार्फ रॅट्स’ नावाचा गट मध्यंतरात पिवळे फुगे उभारून जमायचा, कारण त्या माहोलात निर्व्यसनी राहणं एकट्याचं काम नव्हतं. आणि ज्यांचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाववत नाही ते कर्णबधिर श्रोते. त्यांच्यासाठी पुढे जागा असायची, खुणांच्या भाषेत गाणं सांगणारा दुभाषी असायचा आणि हातांत फुगवलेले फुगे असायचे. बासचा सूर फुग्याच्या कातडीवर थरथरतो तो तळव्यांना कळतो. फिल लेशचा बास त्यांनी हातांनी ऐकला.

आपला एक धागा या बँडमधून गेला आहे. मिकी हार्ट १९६७मध्ये उस्ताद अल्लारखाँना भेटला आणि तालाच्या हिशेबाने झपाटला. माहीमला वाढलेले झाकीर हुसेन १९७०मध्ये अमेरिकेत गेले, मग दोघांची गट्टी जमली. १९७६मध्ये त्यांच्या ‘डिगा ऱ्हिदम बँड’ची तबकडी आली, १९९१मध्ये ‘प्लॅनेट ड्रम’, आणि तिला जागतिक संगीतासाठीचं पहिलं ग्रॅमी मिळालं. डेडच्या दुसऱ्या सत्रात फक्त तालवाद्यांचा एक लांब तुकडा असायचा. तो ऐकताना तबल्याचा हात मला हमखास आठवतो.

९ जुलै १९९५ला शिकागोच्या सोल्जर फील्डवर माइकचे स्टँड नेहमीसारखे उभे होते. हा शेवटचा कार्यक्रम आहे हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. ९ ऑगस्टला गार्सिया गेला. पुढे कॅसेटी संगणकावर चढल्या आणि इंटरनेट आर्काइव्हवर हजारो रात्री कुणालाही ऐकायला मिळू लागल्या. नोव्हेंबर २००५मध्ये त्या उतरवून घ्यायची सोय अचानक बंद झाली तेव्हा चाहते खवळले. काही दिवसांतच श्रोत्यांच्या टेपा परत मोकळ्या झाल्या, मिक्सरवरच्या मात्र तिथेच ऐकायच्या राहिल्या. ती रंगवलेली पाकिटं कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या विद्यापीठाने बँडच्या बाकी कागदपत्रांसोबत जपून ठेवली आहेत.

आर्काइव्हवर प्रत्येक टेपसोबत एक टिपण असतं. माइक कुठला, कुठे उभा केला, डेक कुठला, मुळापासून कितवी नक्कल, कुठे पलटली, कुठे तुटली. संगीताबद्दल त्यात एक शब्दही नसतो, तरी मी ती टिपणं गोष्टीसारखी वाचतो.

काका गेल्यावर त्यांच्या मुलीने स्पुलांची पेटी माझ्याकडे दिली. पहिलाच स्पूल एका घरगुती बैठकीचा निघाला. गाणं सुरेख, पण माइक श्रोत्यांच्या बाजूला थोडा जास्त सरकलेला, त्यामुळे खोकला, बांगड्या, रस्त्यावरची सायकलची घंटी, सगळं आत आलेलं. बाविसाव्या मिनिटाला गायिका एक जागा घेते आणि माइकच्या अगदी शेजारून एक माणूस हलकेच ‘अरे वा’ म्हणतो. माझे वडील. त्यांना जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

ती बैठक मी संगणकावर घेतली आणि त्या रात्रीच टिपण लिहायला बसलो. जागा : सदाशिव पेठ, माडीवरची खोली. माइक : एक, जमिनीवर, गायिकेपासून सहा-सात हात, डावीकडे. पलटणं : झपतालाची बंदिश चालू असताना, अंदाजे वीस सेकंद गेलेली. मूळ स्पुलावरून पहिली पिढी. दाद : आहे, काढलेली नाही.

काकांच्या मुलीला एक प्रत दिली. गायिकेच्या नातवाने निरोप पाठवलाय, त्याची प्रत उद्या टपालात टाकायची आहे.