नरडाण्याचा कारभार मुंबई सेंट्रलकडे कसा?

धुळे आणि नरडाणा एकाच जिल्ह्यात. आग्रा रोडने शिरपूरच्या दिशेने निघालं, सोनगीर मागे टाकलं की तासाभराच्या आत नरडाणा. पण हाच प्रवास रेल्वेनेच करायचा हट्ट कोणी धरला, तर त्याला आधी उलट्या दिशेने चाळीसगावला जावं लागेल, तिथून जळगावला, आणि जळगावला गाडी बदलून धरणगाव, अमळनेर, बेटावद करत पुन्हा पश्चिमेला. दोनशे किलोमीटरहून जास्त फेरा पडतो.

खरी गंमत याच्या पुढे आहे. धुळे स्टेशन मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात येतं. नरडाणा येतं पश्चिम रेल्वेत, आणि त्याचा विभाग आहे मुंबई सेंट्रल! विरार-बोरिवलीची लोकल ज्या विभागाच्या हुकमाने धावते, तोच विभाग शिंदखेडा तालुक्यातल्या या स्टेशनचाही धनी. नकाशा समोर ठेवून पाहिलं तर भुसावळ कितीतरी जवळ. मग हा कारभार इतक्या लांब गेला कसा?

उत्तर कापसात आहे. एकोणिसाव्या शतकात खानदेशचा कापूस मुंबईच्या बंदरातून विलायतेला जायचा. अमेरिकेत 1861 साली यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. साधारण त्याच काळात जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, चाळीसगाव-जळगाव करत भुसावळपर्यंत पोचली. पण तापीकाठचा पट्टा, म्हणजे अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार, या रुळांपासून दूरच राहिला. तिथला माल सुरतेकडे ओढायला दुसरी कंपनी उभी राहिली, तापी व्हॅली रेल्वे. तिची व्यवस्था मुंबईच्या किलिक निक्सन या पेढीकडे होती. 1900 च्या सुमारास सुरतेकडून निघालेले तिचे रूळ नंदुरबार, नरडाणा करत अमळनेरला आले. जळगावहून अमळनेरपर्यंतचा तुकडा जीआयपीने टाकला होता. दोन कंपन्यांची गाठ पडली ती अमळनेरला. त्याच सुमाराला जीआयपीकडून चाळीसगाव-धुळे हा फाटाही सुरू झाला.

एका कंपनीने धुळ्याला हात घातला, दुसरी नरडाण्यावरून पुढे गेली. मधल्या पस्तीसेक किलोमीटरमध्ये रूळ टाकण्यात कोणालाच रस नव्हता, कारण धुळ्याचा माणूस नरडाण्याला कसा जाईल याचा विचार करायला कोणी बसलंच नव्हतं. विचार होता गासडी बंदरात कशी पोचेल याचा. दोन्ही मार्ग ब्रॉडगेज होते, म्हणजे जोडायला तांत्रिक अडचणही नव्हती!

पुढे 1942 मध्ये तापी व्हॅली बीबीसीआयमध्ये विलीन झाली. बीबीसीआय म्हणजे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया. 5 नोव्हेंबर 1951 रोजी बीबीसीआयची पश्चिम रेल्वे झाली आणि जीआयपीची मध्य रेल्वे. पाट्या बदलल्या, मालक बदलले, साहेब तर केव्हाच बोटीत बसून गेले होते. हद्दी मात्र बहुतेक तशाच राहिल्या.

हे फक्त आपल्याकडचं नशीब नव्हे. फिलिपिन्समध्ये तर याच्यावर ताण आहे. या बेटांवर 1565 पासून 1898 पर्यंत स्पेनची सत्ता होती, पण बराच काळ कारभार चालायचा मेक्सिकोमार्फत. मनिलाहून निघालेली गलबतं पॅसिफिक ओलांडून मेक्सिकोच्या आकापुल्कोला जायची. चीनचं रेशीम, हिंदुस्थानचं सुती कापड घेऊन जायची आणि चांदी घेऊन यायची. पूर्वेकडून आलेल्या राज्यकर्त्यांनी पंचांगही तिकडचंच आणलं, त्यामुळे आशियाच्या कुशीतला हा देश तारखेने शेजाऱ्यांपेक्षा एक दिवस मागे राहिला. मेक्सिको 1821 मध्ये स्वतंत्र झाला, तरी मनिलाची तारीख मागेच. शेवटी गव्हर्नर नार्सिसो क्लावेरियाने हुकूम काढला आणि सोमवार 30 डिसेंबर 1844 नंतर थेट बुधवार 1 जानेवारी 1845 उजाडला. त्या वर्षी फिलिपिन्समध्ये 31 डिसेंबर झालाच नाही!

याच क्लावेरियाने 1849 मध्ये आडनावांची एक जाडजूड यादी छापून गावोगाव धाडली. करवसुलीला आणि नोंदींना सोयीचं व्हावं म्हणून लोकांनी त्यातलं आडनाव घ्यायचं. काही ठिकाणी यादीतली पानं गावागावांत वाटली गेली, म्हणून आल्बाय प्रांतातल्या ओआस गावात आजही ‘आर’ अक्षराने सुरू होणारी आडनावं ढिगाने सापडतात. आपल्या खानदेशात हाक मारली की अर्धं गाव ‘पाटील’ म्हणून वळून बघतं. पाटीलकीचं वतन कायद्याने 1 जानेवारी 1963 पासून संपलं, आडनाव टिकलं. कारभाराच्या सोयीचं पाणी लोकांच्या घरात किती खोल मुरतं, ते असं दिसतं.

रेल्वेचं तिथेही आपल्यासारखंच झालं. 1892 मध्ये मनिला ते दागुपान हा सुमारे 195 किलोमीटरचा मार्ग सुरू झाला. राज्य स्पेनचं, पण रेल्वे कंपनी लंडनची! मध्य लुझोनचा तांदूळ, पांपांगाची साखर बंदरात आणायची, एवढाच हेतू. रुळांची रुंदी ठेवली साडेतीन फूट, आपल्या ब्रॉडगेजपेक्षा दोन फुटांनी कमी. 1898 च्या तहात स्पेनने ही बेटं दोन कोटी डॉलर घेऊन अमेरिकेच्या हवाली केली, 1946 मध्ये देश स्वतंत्र झाला, तरी रूळ साडेतीन फुटांचेच. आता तिकडे नव्या उपनगरी मार्गासाठी वेगळ्या रुंदीचे रूळ पडत आहेत.

आपल्या तापीकाठच्या मार्गावर पश्चिमेला थोडं पुढे गेलं की आणखी एक नवल आहे, नवापूरचं. 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले आणि राज्याची हद्द नेमकी या स्टेशनातून गेली. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांची खोली गुजरातेत. फलाटावरच्या एका बाकड्याचा अर्धा भाग या राज्यात, अर्धा त्या राज्यात. आपण निवडून दिलेल्या सरकारांनी आखलेली सीमाही या जुन्या रुळांना बाजूला सारू शकली नाही, तिला फलाटावरूनच जावं लागलं. पण हेही मान्य केलं पाहिजे की राज्यं वेगळी झाली तरी मार्ग एकाच विभागाकडे राहिला, आणि त्यामुळे गाड्या अडल्या नाहीत. परक्यांनी आखलेली प्रत्येक रेघ वाईटच असते असं नाही. ती कोणाच्या सोयीसाठी आखली होती हे विसरलं, की मग मात्र आपण तिला निसर्गनियम समजू लागतो. ‘धुळ्याला मोठ्या मार्गावरची गाडी नाही’ हे वाक्य आपण पिढ्यानपिढ्या पावसाच्या तक्रारीसारखं बोलत आलो ते त्यामुळेच.

आता ती रेघ वळवायचं काम हाती आलंय. चाळीसगाव-धुळे मार्गावरच्या बोरविहीरहून नरडाण्यापर्यंत सुमारे पन्नास किलोमीटरचा नवा मार्ग होतोय. त्याचं भूमिपूजन फेब्रुवारी 2019 मध्ये धुळ्यात झालं. मनमाड-इंदूर हा 309 किलोमीटरचा मार्ग केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2024 मध्ये मंजूर केला, तोही याच बाजूने शिरपूरकडून वर जाणार आहे. हे काम पुरं झालं की मध्य आणि पश्चिम या दोन रेल्वे नरडाण्यात एकमेकींना भेटतील, आणि जिल्ह्याच्या गावाहून नरडाण्याला यायला कोणाला जळगावची वारी करावी लागणार नाही.