संघ विरळ का झाला? : घरी परतलेला सैनिक आणि आपले उपट्ठान

संयुत्तनिकायाच्या आनापानसंयुत्तात वैशालीचा एक प्रसंग आलेला आहे. तथागतांनी भिक्खूंना अशुभभावनेचा उपदेश केला आणि ते स्वतः पंधरा दिवसांसाठी एकांतात गेले. त्या अवधीत अनेक भिक्खूंना आपल्या देहाचा तीव्र उबग आला व त्यांनी जीवन संपविले. एकांतातून बाहेर आल्यावर तथागतांनी स्थविर आनंदांना विचारले, की भिक्खुसंघ विरळ झाल्यासारखा का दिसतो? वृत्तांत कळताच त्यांनी परिसरातील सर्व भिक्खूंना उपट्ठानशाळेत एकत्र बोलाविले आणि आनापानसतीचा, म्हणजे श्वासावरील स्मृतीचा, सौम्य मार्ग सांगितला. आपल्यातून कोण कमी झाले, हे पाहणारी दृष्टी या प्रसंगाच्या मुळाशी आहे.

हाच प्रश्न आज कोल्हापूर जिल्ह्यात विचारण्याची आवश्यकता आहे. शिरोळ तालुक्यातील टाकळी हे गाव सैनिक टाकळी याच नावाने ओळखले जाते. गडहिंग्लज, चंदगडकडेही निवृत्त जवानांची घरे जागोजागी आढळतात. बौद्ध समाजाचे सैन्याशी असलेले नाते तर जुने आहे. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते. महार रेजिमेंटची उभारणी १ ऑक्टोबर १९४१ रोजी आपल्या शेजारच्या बेळगावात झाली. या इतिहासाचा आपण सार्थ अभिमान बाळगतो. रणांगणात पडलेल्यांसाठी स्तंभ उभारले जातात व दरवर्षी त्यांना मानवंदना दिली जाते. परंतु जो सैनिक जिवंत परतला आणि पुढे स्वतःच्या हाताने जीवन संपवून गेला, त्याचे नाव घरातसुद्धा दबक्या आवाजात घेतले जाते.

या दुःखाचे गांभीर्य एका आकड्यावरून लक्षात येईल. २०२२ साली राज्यसभेत सरकारने दिलेल्या माहितीनुसार, त्यापूर्वीच्या पाच वर्षांत तिन्ही सैन्यदलांतील ८१९ जणांनी आत्महत्या केली. त्यांपैकी ६४२ भूदलातील होते. हा आकडा सेवेत असणाऱ्यांचा आहे; सेवा संपवून गावी आलेल्यांची गणना त्यात नाही. सामान्य जवान पस्तिशी-चाळिशीतच निवृत्त होतो. मुलांची शिक्षणे, घराचे कर्ज, भाऊबंदकीतील जमिनीचे वाद आणि दुसऱ्या नोकरीचा शोध हे सर्व एकदमच समोर उभे राहते. पलटणीत त्याची ओळख होती व दिवसाला शिस्त होती. गावात त्याची जागा तो नसताना भरून गेलेली असते. सीमेवर पाहिलेले मृत्यू झोपेत परत येतात आणि पुष्कळदा मद्य हे त्यांवरचे औषध ठरते. २०२२ च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के अग्निवीरांना कायम करण्याची तरतूद करण्यात आली. म्हणजे ऐन पंचविशीच्या आत-बाहेर असलेले तरुणही निवृत्तिवेतनाविना परततील.

सैनिकाच्या मनावरील भाराची जाणीव पालि साहित्याला आहे. विनयपिटकाच्या महावग्गात मगधाच्या सीमेवरील उठावाची कथा येते. बिंबिसार राजाने सैन्य धाडले, तेव्हा काही नामांकित योद्ध्यांच्या मनात आले, की युद्धात रमून आपण पाप जोडीत आहोत. आणि ते संघात प्रविष्ट झाले. राजाने तक्रार केल्यावर राजसेवकांना प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला. नियमाचे कारण राजकीय होते. परंतु त्या योद्ध्यांची बेचैनी ग्रंथकारांनी लपविली नाही, ही गोष्ट आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

मग आत्महत्येने गेलेल्याचे स्मरण कसे करावे? येथे दोन टोके टाळावयास हवीत. विनयपिटकात वैशालीच्या त्याच घटनेनंतर तथागतांनी ते कृत्य अनुचित ठरविले. तिसऱ्या पाराजिकात तर मनुष्यवधाबरोबरच मरणाची प्रशंसा करणे व दुसऱ्यास मरणास प्रवृत्त करणे यांचाही निषेध आहे. तेव्हा अशा मृत्यूला हौतात्म्याचे तेज चढविणे धम्माला धरून होणार नाही. दुसरीकडे, असह्य व्याधीने ग्रस्त झालेले छन्न व वक्कली या भिक्खूंनी जीवन संपविले, तेव्हा त्यांच्या पश्चात तथागतांनी त्यांची निर्भर्त्सना केली नाही. या सुत्तांच्या अर्थाविषयी मतभेद आहेत आणि त्यांतून अनुमती शोधणे चुकीचे ठरेल. तथापि मृताला कलंकित करण्याचा आधार त्यांत मुळीच सापडत नाही. म्हणून अशा उपासकाचे पुण्यानुमोदन इतरांप्रमाणेच विहारात, उघडपणे व त्याचे पूर्ण नाव घेऊन व्हावे. त्याची सेवा, त्याचा स्वभाव, त्याने कुटुंबासाठी केलेले कष्ट यांविषयी बोलावे. मृत्यूच्या पद्धतीची चर्चा करू नये आणि दोष पत्नीवर वा आईवडिलांवर लादू नये.

जे हयात आहेत त्यांच्यासाठी महावग्गातील आजारी भिक्खूची कथा मार्गदर्शक आहे. तो अतिसाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नाही म्हणून कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी व आनंदांनी त्याला धुऊन मंचकावर निजविले. तुम्हाला येथे आईवडील नाहीत, तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर ती करणार कोण, असे त्यांनी भिक्खूंना सुनावले. पुढे शुश्रूषा करणाऱ्याचे, म्हणजे गिलानुपट्ठाकाचे, पाच गुण सांगितले आहेत. ते आजच्या परिस्थितीला तंतोतंत लागू पडतात.

पहिला गुण औषधाची व्यवस्था करता येणे. मनाचा आजार हाही आजारच होय. त्यासाठी मनोविकारतज्ज्ञ गाठला पाहिजे. माजी सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी २००३ पासून अंशदायी आरोग्य योजना आहे. १४४१६ या 'टेली मानस' क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य व मराठीतही बोलता येते. दुसरा गुण, हितकर ते जवळ आणणे व अहितकर ते दूर करणे. मद्य आणि घातक वस्तू रुग्णाच्या हाताशी राहू देऊ नयेत. वैशालीचा धडा येथेही लक्षात ठेवावा : एकच ध्यान सर्वांना मानवत नाही. खचलेल्या मनाला दीर्घ मौनात बसविणे वैद्यकीय सल्ल्याविना करू नये. तिसरा गुण लाभाची अपेक्षा न ठेवता मैत्रीभावाने सेवा करणे. चौथा गुण किळस न करणे. येथे मलमूत्राच्या जागी त्याचा संताप, त्याची नशा, त्याचे अबोलपण समजावे. पाचवा गुण योग्य वेळी धम्मकथेने धीर देणे. जगण्याची इच्छा उरली नाही असे कोणी बोलले, तर उपदेश आवरून आधी ऐकावे. तसा विचार मनात येतो का, हे सरळ विचारावे आणि त्या रात्री त्याला एकटे सोडू नये.

कायद्याची भीतीही बाळगू नये. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन हे शासनाचे कर्तव्य ठरते. विधवेचे कागदपत्र जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नेऊन देण्याचे काम विहारातील एखादा शिकलेला तरुण सहज करू शकेल.

परतलेल्या सैनिकाला काम व मान देण्याची परंपरा आपल्याकडे होतीच. गोपाळबाबा वलंगकर सैन्यातून निवृत्त होऊन दापोलीस राहिले आणि त्यांच्या लेखणीने अस्पृश्यतेविरुद्धच्या जागृतीचा पाया घातला. आजही विहाराचा अभ्यासवर्ग, ग्रंथालय, मुलांची कवायत ही कामे निवृत्त जवानांच्या हाती सोपविता येतील. ६ डिसेंबरला आपण सर्व एकत्र येतोच. दुसऱ्याच दिवशी, ७ डिसेंबरला, सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. त्या दिवशी प्रत्येक विहाराने आपल्या परिसरातील निवृत्त सैनिकांची यादी करावी आणि गेल्या वर्षभरात जे विहारात दिसले नाहीत, त्यांच्या घरी दोघा उपासकांनी जाऊन यावे.