रक्तदाब शून्य, तरी रुग्ण जिवंत

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहराजवळ पिमा या मूळनिवासी जमातीचे लोक राहतात. त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण फार मोठे असल्याने तिथे अनेक दशके संशोधन झाले. त्यातल्या ७६८ महिलांच्या नोंदींवर जगभरचे विद्यार्थी संगणकाला मधुमेहाचे भाकीत करायला शिकवतात. कोणत्याही डॉक्टरने त्या नोंदी चाळल्या तर तो दचकेल. ३५ महिलांचा खालचा रक्तदाब शून्य आहे, ११ जणींचा बीएमआय शून्य आहे आणि ३७४ जणींचे इन्सुलिनही शून्य.

महिला अर्थातच जिवंत होत्या. मोजमाप उपलब्ध नव्हते, आणि रिकाम्या रकान्यात शून्य पडले. संगणक ते खरे मानून सरासरी काढतो, तेव्हा इन्सुलिन सुमारे ८० मायक्रोयुनिट येते. शून्ये वगळली की तीच सरासरी १५५ च्या वर जाते.

'इथे काहीच नाही' हे सांगायला प्रोग्रॅमिंगच्या भाषांत वेगळी खूण असते. जावास्क्रिप्टमध्ये 'नल', पायथनमध्ये 'नन'. १९६५ मध्ये टोनी होअर यांनी 'नल' आणले आणि २००९ मध्ये तीच आपली अब्ज डॉलरची चूक असल्याचे त्यांनी जाहीरपणे सांगितले. ज्या भाषांत प्रोग्रॅम चालू असतानाच किमतीचा प्रकार ठरतो, त्यांत ही खूण फारच फसवी ठरते. जावास्क्रिप्टमध्ये नलमध्ये ५ मिळवले तर उत्तर ५ येते, कसलीही तक्रार न होता. नल शून्याएवढे नाही, शून्याहून मोठेही नाही. पण 'शून्याएवढे किंवा मोठे आहे का?' या प्रश्नाला उत्तर 'हो'! पायथन इथे शहाणा. ननमध्ये ५ मिळवायला गेले की तो सरळ थांबतो.

पण त्याचाही एक खड्डा आहे. 'किंमत नसेल तर' अशी सोपी अट लिहिली की पायथन शून्य आणि नन यांना एकाच मापाने मोजतो. अतिदक्षता विभागात याचा अर्थ काय होतो? तासाभरात लघवी शून्य मिलिलिटर झाली, म्हणजे कॅथेटर तुंबला असेल किंवा मूत्रपिंडे बंद पडत असतील. धावपळ करायची वेळ. रकाना रिकामा असेल तर कुणी मोजलेलेच नाही. वरच्या अटीने दोन्हींपुढे 'नोंद नाही' असे छापले जाईल आणि धोक्याची घंटा वाजणारच नाही. प्रोग्रॅम बंद पडत नाही, लाल अक्षरे उमटत नाहीत, म्हणून असा दोष महिनोन्महिने लपून राहू शकतो.

तो शोधायची रीत डॉक्टरांना ओळखीची वाटेल. लक्षण दिसते तिथे मूळ क्वचितच असते. म्हणून किंमत कुठून आली ते टप्प्याटप्प्याने मागे तपासत जायचे आणि प्रत्येक टप्प्यावर किमतीसोबत तिचा प्रकारही छापून पाहायचा. रिकामे पहिल्यांदा शून्य झाले, तिथे दोष सापडतो. मग अट नेमकी लिहायची: 'ही किंमत नन आहे का?' आणि चाचणीसाठी तीन बनावट रुग्ण ठेवायचे. एकाची लघवी ४० मिलिलिटर, दुसऱ्याची शून्य, तिसऱ्याची मोजलेलीच नाही. पडद्यावर तिघांपुढे तीन वेगवेगळ्या गोष्टी दिसेपर्यंत तो प्रोग्रॅम वॉर्डात आणू नये.