संगणकावरील शिक्कामोर्तब

एखादी गोष्ट कायमची ठरली म्हणजे मराठी मनुष्य 'शिक्कामोर्तब झालें' असें म्हणतो. पण या जोडशब्दांतील दोन शब्द दोन निराळ्या कामांचे आहेत, हें बहुधा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. मराठेशाहीच्या कागदावर शिक्का माथ्याकडे उमटे, आणि मोर्तब म्हणजे लहान मुद्रा, ती मजकुराच्या शेवटीं. पत्र कोणाचें तें शिक्क्यानें कळे. पत्र कोठें संपलें तें मोर्तबानें. मोर्तबाखालीं मागाहून कोणी चार ओळी घुसडल्या तर त्या उघड्या पडत. पुण्याच्या पेशवे दफ्तरांत मोडी कागदांचे रुमाल सोडून बसणारा अभ्यासक आजहि या दोन खुणांकडे बारकाईनें पाहतो. कर्ता कोण तें सांगावयाचें आणि मजकूर जसाच्या तसा असल्याची हमी द्यावयाची, हीं दोन कामें आतां संगणकाकडे आलीं आहेत. तीं तो कसा करतो आणि ज्याच्या हातीं ही मुद्रा आहे त्यानें ती कशी सांभाळावी, हा येथील विषय आहे.

१ मे २०१८ रोजीं महाराष्ट्र शासनानें डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा लोकांस खुला केला. राज्याच्या भूमि-अभिलेखांचें मुख्य ठाणें, म्हणजे जमाबंदी आयुक्तांची कचेरी, पुण्यांतच आहे. पूर्वी गांवच्या वडिलार्जित शेताचा उतारा हवा असल्यास रजा काढून गांवीं जावें, तलाठ्याची गांठ पडेपर्यंत चावडीवर बसावें आणि शाईची सही व शिक्का घेऊन परतावें, असा प्रकार असे. आतां शहरांतल्या घरीं बसून उतारा मिळतो. मात्र उतारा छापून घेतला म्हणजे त्यावरची सहीहि कागदावर आली, अशी जी समजूत सर्रास आढळते ती चुकीची आहे. सही असते ती फाइलींत. कागदावर उमटते ती सही झाल्याची नुसती वार्ता. म्हणूनच छापील उताऱ्यावर पडताळणीसाठीं १६ अंकी क्रमांक दिलेला असतो. तो संकेतस्थळावर घालून मूळ नोंद पाहावी, अशी ती योजना आहे.

फाइलींत असलेली ही सही म्हणजे हस्ताक्षराचें चित्र नव्हे. संगणक प्रथम सबंध मजकुराचा एक ठराविक लांबीचा गोषवारा काढतो. त्यास हॅश म्हणतात. मजकुरांत एक स्वल्पविराम जरी हलला, तरी हा गोषवारा ओळखूं येणार नाहीं इतका पालटतो. हें झालें मोर्तबाचें काम. मग तो गोषवारा सही करणाराच्या गुप्त किल्लीनें मुद्रित केला जातो, आणि तें शिक्क्याचें काम. या गुप्त किल्लीस एक जुळी बहीण असते, तिला जाहीर किल्ली म्हणावें. गुप्त किल्लीनें केलेली मुद्रा जाहीर किल्लीनें कोणासहि तपासतां येते, पण जाहीर किल्लीवरून गुप्त किल्ली घडवितां येत नाहीं.

असें कां, याचें उत्तर शाळेच्या गणितांत आहे. दोन मूळ संख्यांचा गुणाकार करणें सोपें. गुणाकारावरून त्या दोन संख्या हुडकणें कठीण. ९१ म्हणजे ७ गुणिले १३ हें हुशार मुलगा चटकन् सांगेल. ८६३३ म्हणजे ८९ गुणिले ९७ हें सांगावयास त्यास पाटी घ्यावी लागेल. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनीं १९७७ सालीं अमेरिकेंत बसविलेल्या आरएसए पद्धतींत, आजच्या २०४८ बिटांच्या किल्लीमागें असा ६१७ अंकी गुणाकार उभा असतो. तो फोडणें आजच्या कोणत्याहि संगणकाच्या आवाक्याबाहेरचें आहे.

तरी एक अडचण राहतेच, आणि ती गणितानें सुटत नाहीं. एखाद्या तोतयानें स्वतःच्या किल्ल्या घडविल्या आणि 'ही जमाबंदी आयुक्तांची जाहीर किल्ली' म्हणून जगापुढें ठेवली तर? मुद्रा तर तपासतांना बरोबर उतरेल. किल्ली अमक्याचीच, असें सांगणारा कोणी तिसरा साक्षीदार हवा. लॉरेन कोनफेल्डर या अमेरिकन विद्यार्थ्यानें १९७८ सालच्या आपल्या प्रबंधांत याची तोड सुचविली: नांव आणि जाहीर किल्ली एका कागदावर मांडावी व त्यावर विश्वासू संस्थेनें आपली सही करावी. तोच आजचा डिजिटल दाखला, अथवा प्रमाणपत्र. त्याचा एक्स ५०९ नांवाचा नमुना १९८८ सालीं ठरला. सातबारावरील सहीमागचा दाखला आणि बँकेच्या संकेतस्थळामागचा दाखला हे दोन्ही त्याच नमुन्याचे असतात.

हा दाखला कसा घडतो हें पाहण्यास उत्तम जागा म्हणजे संगणकाचा काळा पडदा, जेथें चित्रें व बटणें नसतात आणि एकेका ओळींत आज्ञा टंकावी लागते. समजा, सदाशिव पेठेंतील एका लहान वाचनालयानें स्वतःचें संकेतस्थळ काढलें आहे आणि सभासदांचे परवलीचे शब्द वाटेंत कोणी वाचूं नयेत अशी त्याची इच्छा आहे. लिनक्स असलेल्या संगणकावर ओपनएसएसएल नांवाचें साधन बहुधा आधींच असतें. आज्ञा रोमन अक्षरांत लिहावयाच्या असतात. येथें त्यांचे उच्चार दिले आहेत.

पहिली आज्ञा किल्लीची. 'ओपनएसएसएल' हें नांव, एक जागा सोडून 'जेनपीकी', मग पद्धति आरएसए, किल्ली २०४८ बिटांची आणि ती ठेवावयाच्या फाइलीचें नांव, इतकें सांगितलें कीं क्षणांत गुप्त किल्ली तयार होते. जाहीर किल्ली तिच्यांतूनच काढतां येते. याच वेळीं 'एईएस २५६' असा शब्द जोडल्यास किल्लीभोंवतीं परवलीच्या शब्दाची पेटी बसते. संकेतस्थळाच्या यंत्रावर मात्र ही पेटी गैरसोयीची पडते, कारण यंत्र पुन्हां सुरू झालें कीं दर वेळीं कोणीतरी परवली टंकण्यास हवा. म्हणून बरेच लोक पेटी न घालतां 'सीएचमॉड ६००' ही आज्ञा देतात. तिनें ती फाइल मालकावांचून इतर साध्या वापरणाऱ्यांस उघडतां येत नाहीं. पेटी नाहीं आणि कुलूपहि नाहीं, असें मात्र कधीं ठेवूं नये.

दुसरी आज्ञा अर्जाची. 'ओपनएसएसएल', पुढें 'रेक', 'न्यू', किल्लीच्या फाइलीचें नांव. मग पडदा एकामागून एक प्रश्न विचारतो: देश, राज्य, गांव, संस्था, शाखा, नांव, पत्ता. देशाच्या जागीं दोन अक्षरी संज्ञा लिहावयाची. भारतासाठीं 'आय एन'. येथें एक गंमत आहे. उत्तर न देतां नुसतें पुढें गेलें, तर देश म्हणून ऑस्ट्रेलिया धरला जातो! ओपनएसएसएल १९९८ सालीं ज्या जुन्या साधनावरून निघालें, त्याचा एक कर्ता एरिक यंग हा ऑस्ट्रेलियाचा. त्याच्या घरची खूण तशीच राहिली आहे. घाईंत भरलेल्या अर्जांवरून पुण्याचें वाचनालय थेट ऑस्ट्रेलियांत जाऊन पडतें तें असें. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पूर्वी संकेतस्थळाचें नांव 'कॉमन नेम' या रकान्यांत लिहिलें कीं पुरे. क्रोम या ब्राउझरनें २०१७ सालापासून तो रकाना वाचणें सोडलें. आतां नांव 'सब्जेक्ट आल्टरनेटिव्ह नेम' या जोडरकान्यांत द्यावें लागतें. जुन्या पुस्तकावरून शिकणारे येथें हमखास अडतात.

हा अर्ज साक्षीदार संस्थेकडे धाडावयाचा. अर्जांत जाहीर किल्ली जाते; गुप्त किल्ली घरांतच राहते. गुप्त किल्ली मागणाऱ्या संस्थेला ती देऊं नये. संस्था मग खात्री करते, म्हणजे 'हें नांव तुमचें असेल तर त्या संकेतस्थळावर अमुक खूण ठेवून दाखवा' असें म्हणते. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था हें काम फुकट करते. डिसेंबर २०१५ मध्यें तिनें आपलें दार सर्वांस उघडलें, आणि 'सर्टबॉट' या आज्ञेनें किल्ली, अर्ज, खूण, दाखला हें सारें एका दमांत होतें. तरीहि एकदां तरी प्रत्येक पायरी हातानें चढून पाहावी. पावकी-दिडकी पाठ असलेल्याला यंत्राची बेरीज चुकलेली कळते. इतरांना कळत नाहीं.

साक्षीदारच नको, असेंहि करतां येतें. 'रेक' या आज्ञेस 'एक्स ५०९' जोडलें कीं वाचनालय आपल्याच किल्लीनें आपलाच दाखला सही करून घेईल. ब्राउझर मात्र तो पाहून धोक्याची सूचना देईल, आणि तें योग्यच आहे. कारण आपणच आपली साक्ष देणाऱ्यास कोणत्या कोर्टांत मान असतो? पण मौज अशी कीं, साऱ्या साक्षींचें मूळ असलेला दाखलाहि स्वतःच स्वतःला सही केलेला असतो. भारताच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यान्वयें, जो १७ ऑक्टोबर २००० पासून अंमलांत आला, प्रमाणन प्राधिकारी नियंत्रक हें पद निर्माण झालें. नियंत्रकांचा मूळ दाखला स्वयंसिद्धच आहे, आणि त्याच्या बळावर परवानाधारक संस्था लोकांस दाखले देतात. वाचनालयाचा दाखला आणि नियंत्रकांचा मूळ दाखला यांत गणिताचा फरक काडीचाहि नाहीं. फरक आहे तो त्यामागें कायदा उभा आहे कीं नाहीं आणि पाहणाऱ्याच्या यादींत तें नांव आहे कीं नाहीं, एवढाच. ई-आधारची फाइल उघडली कीं सहीवर पुष्कळदां पिवळें प्रश्नचिन्ह दिसतें, त्याचें कारणहि हेंच. सही खोटी नसते. वाचणाऱ्या साधनाच्या यादींत साक्षीदार नसतो, इतकेंच.

ही यादी किती नाजूक असते तें २०१४ च्या जुलैंत दिसून आलें. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, हें त्या वेळीं नियंत्रकांच्या छत्राखालीं दाखले देत असे. २ जुलै रोजीं गूगलच्या ध्यानांत आलें कीं, गूगलच्याच नांवांचे कांहीं दाखले तेथून निघाले आहेत, आणि गूगलनें ते कधीं मागितले नव्हते. असा दाखला ज्याच्या हातीं पडेल त्यास मधल्या वाटेवर बसून गूगल म्हणून मिरवतां आलें असतें. दुसऱ्याच दिवशीं नियंत्रकांनीं एनआयसीचे संबंधित दाखले रद्द केले. दाखले देण्याच्या व्यवस्थेंतच शिरकाव झाला होता, असें चौकशींत निघालें. पुढें क्रोमनें भारताच्या मूळ दाखल्यावरील विश्वास मोजक्या भारतीय नांवांपुरता आखडता घेतला. चूक एका दुय्यम कचेरींत झाली, पण पत उणावली ती मूळ मुद्रेची. येथें गणित तसूभरहि चुकलें नव्हतें.

घरगुती पातळीवर हीच चूक रोज घडते. कंपनीच्या कागदांवर किंवा कराच्या विवरणावर सही करण्यासाठीं जें बोटाएवढें टोकन मिळतें, त्यांत मालकाची गुप्त किल्ली असते. आणि कित्येक प्रतिष्ठित माणसें तें टोकन पिनसकट हिशेबनिसाच्या खणांत ठेवून निश्चिंत असतात. कोऱ्या कागदांच्या दस्त्यावर सह्या करून ठेवण्यापेक्षां यांत निराळें काय आहे? कायद्याच्या ४२ व्या कलमानें गुप्त किल्ली आपल्या ताब्यांत राखण्याची वाजवी काळजी घेणें हें दाखला घेणाराचें कर्तव्य ठरविलें आहे. किल्ली दुसऱ्याच्या हातीं गेल्यास प्रमाणन संस्थेस विनाविलंब कळवावयाचें, म्हणजे संस्था दाखला रद्द करून रद्द दाखल्यांच्या यादींत त्याचा क्रमांक चढविते.

चोरी झाली नाहीं तरी मुदत संपतेच. दाखल्याची मुदत पाहण्यास 'ओपनएसएसएल', 'एक्स ५०९' आणि 'डेट्स' एवढें पुरतें. त्याहून उपयोगी 'चेकएंड': तिला सेकंदांचा आंकडा द्यावयाचा, ३० दिवसांसाठीं २५९२०००. तेवढ्या अवधींत दाखला संपणार असेल तर ती तसें सांगते, आणि रोज पहांटे ही आज्ञा आपोआप चालविण्याची सोय करतां येते. हें आतां ऐच्छिक राहिलेलें नाहीं. प्रमाणन संस्था आणि ब्राउझरवाले यांच्या संघानें एप्रिल २०२५ मध्यें संकेतस्थळांच्या दाखल्यांची कमाल मुदत ३९८ दिवसांवरून टप्प्याटप्प्यानें उतरविण्याचें ठरविलें: १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १००, आणि १५ मार्च २०२९ पासून अवघे ४७. तारीख वहींत टिपून ठेवणाऱ्या कारकुनाचें हें काम उरणार नाहीं.

मुदत आखूड करण्याच्या या वाटेचें टोंक पुण्यांतच पाहावयास मिळतें. १९८८ सालीं पुण्यांत स्थापन झालेली सी-डॅक ही संस्था 'ई-हस्ताक्षर' नांवाची सेवा चालविते. तिच्यांत आधारवरून ओळख पटली कीं सही करणाराच्या नांवानें किल्ल्यांची जोडी तेवढ्यापुरती घडते, एक सही होते आणि गुप्त किल्ली लगेच नष्ट केली जाते. त्या दाखल्याचें आयुष्य ३० मिनिटांचें. सही मात्र पुढेंहि तपासतां येते, कारण ती उमटली त्या क्षणीं दाखला जिवंत होता कीं नाहीं एवढेंच पाहावयाचें असतें. आणि हिशेबनिसाच्या खणांत ठेवण्यास किल्लीच उरलेली नसते.