घरातील जाच आणि कायद्याचा आधार

मराठी घरांतून एक शब्द पिढ्यानुपिढ्या चालत आला आहे : सासुरवास. जात्यावरच्या ओव्यांपासून रंगभूमीपर्यंत त्याचा इतका वावर, की उन्हाळा-पावसाळ्याप्रमाणे हाही एक ऋतूच असावा, अशी समजूत होऊन बसली. ऋतूची तक्रार कोणी कोणाकडे करीत नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, १८ ते ४९ वयोगटातील ज्यांचा विवाह झाला आहे वा पूर्वी झाला होता, अशा स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. याच पाहणीत असेही आढळले, की हिंसा सोसलेल्या दर शंभर स्त्रियांपैकी अवघ्या १४ जणींनी कोणाची मदत मागितली होती आणि ७७ जणींनी तर कोणापाशी त्याचा उच्चारही केला नव्हता. जाच किती आहे, यापेक्षा तो किती मुकाट्याने सोसला जातो, हेच या आकड्यांतून अधिक दिसते.

हे मौन केवळ भीतीपोटीच असते असे नाही. आपल्या वाट्याला जे आले आहे त्याला जाच म्हणावे की संसारातील नेहमीची कुरबुर, याचाच पुष्कळ स्त्रियांना उलगडा होत नाही. भांड्याला भांडे लागायचेच, हे वडीलधाऱ्यांचे बोलणे खोटे नव्हे. पण भांडणात दोघांनाही आवाज असतो. एकाने रागावून घर डोक्यावर घेतले, तरी दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला आपले म्हणणे मांडता येते. जाचात तसे होत नाही. तेथे एकजण बोलतो आणि दुसरा अंदाज घेत राहतो. दारावरची बेल वाजताच छातीत धस्स होणे, भाजीत मीठ कमी पडले म्हणून हात कापणे, आईचा फोन आला असता कोण ऐकत आहे हे पाहून बोलणे, ही लक्षणे अंगावरील वळांपेक्षा अधिक बोलकी होत. मारहाण क्वचितच घडत असेल. परंतु ती कोणत्याही क्षणी घडू शकेल, या धास्तीखाली सारा दिवस जात असेल, तर ती क्वचित आहे या म्हणण्यात काय अर्थ?

हा जाच एकाएकी येतही नाही. प्रथम मैत्रिणींकडे जाणे खटकू लागते, मग माहेरचे लोक नको वाटतात. मोबाइल तपासला जातो, पगाराचे एटीएम कार्ड ‘हिशेबाच्या सोयीसाठी’ काढून घेतले जाते. प्रत्येक पायरी काळजीच्या किंवा प्रेमाच्या नावाखाली येते. मारल्यानंतर क्षमायाचना होते, कधी साडीही येते, आणि काही दिवस घर इतके गोड होते, की मागचे सांगणेही कृतघ्नपणाचे वाटावे. पुन्हा तेच चक्र सुरू होते. सुशिक्षित, मिळवती स्त्री हे सोसते कशी, असा प्रश्न बाहेरचा मनुष्य सहज विचारतो. तिच्या हातातील मिळकत आणि तिच्या बाजूची माणसे आधीच काढून घेतलेली असतात, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा जो कायदा २००५ साली संसदेने केला आणि जो २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आला, त्याचे मोठे कार्य म्हणजे त्याने या गोष्टींना नावे दिली. शारीरिक व लैंगिक अत्याचाराबरोबरच अपमान, टोमणे, मूल न होण्यावरून वा मुलगा न होण्यावरून केलेली हेटाळणी यांनाही त्याने हिंसा म्हटले. घरखर्चास पैसे न देणे, स्त्रीधन विकून टाकणे, तिच्या हक्काच्या पैशांपासून तिला वंचित ठेवणे ही आर्थिक हिंसा ठरली. हा आधार केवळ पत्नीपुरता नाही. बहीण, विधवा भावजय, मुलाच्या घरी हाल सोसणारी आई, तसेच विवाहासारख्या नात्याने एकत्र राहिलेली स्त्री, या साऱ्यांना तो आहे. जाच करणाऱ्या स्त्रियांविरुद्धही दाद मागता यावी म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली या कायद्यातील ‘प्रौढ पुरुष’ या शब्दांतील बंधन काढून टाकले.

येथे दोन कायद्यांची गल्लत होते, ती दूर केली पाहिजे. पती व सासरच्यांच्या क्रौर्याला शिक्षा सांगणारे कलम ४९८-अ हे १९८३ साली दंडसंहितेत आले. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेच्या ८५ व्या कलमात आहे. तो फौजदारी मार्ग होय, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. परंतु कित्येक स्त्रियांना नवऱ्याला तुरुंगात पाठवावयाचे नसते. मार थांबावा, मुलांची शाळा चालू राहावी, डोक्यावर छप्पर राहावे, एवढेच हवे असते. २००५ चा कायदा त्यांच्यासाठी आहे. दंडाधिकारी हिंसा थांबविण्याचा आदेश देतात, खर्चाची रक्कम ठरवितात, मुलांचा तात्पुरता ताबा देतात. आदेश मोडल्यास मात्र एक वर्षापर्यंत कैद, २० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

त्यातही सर्वांत मोलाचा हक्क राहण्याचा. ‘घर माझ्या आईच्या नावावर आहे, चालती हो’ या एका वाक्याने आजवर किती स्त्रियांची तोंडे बंद झाली असतील! घर कोणाच्याही नावावर असो, जेथे ती संसार करून राहिली त्या सामाईक घरातून तिला कायदेशीर मार्गावाचून काढता येत नाही, असे हा कायदा सांगतो. ते घर सासऱ्याचे असले तरी सामाईक घर ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये स्पष्ट केले आणि २००६ सालचा आपलाच उलट निर्णय फिरविला.

लग्न होऊन दूर प्रांती गेलेल्या मुलींना आणखी एक तरतूद ठाऊक असावी. नागपूरची मुलगी दिल्लीस वा सांगलीची हैदराबादेस नांदावयास जाते. तेथील भाषा परकी, वकील अनोळखी. तिने जीव वाचवून माहेर गाठले, तर अर्ज करण्यासाठी तिला परत जावे लागत नाही. ती तात्पुरती जेथे राहते, तेथील दंडाधिकाऱ्यापुढे तिला दाद मागता येते. क्रौर्याचा फौजदारी गुन्हाही तिने आश्रय घेतलेल्या ठिकाणी नोंदविता येतो, असे २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले.

मदतीची दारे कोणती? तातडीच्या प्रसंगी ११२, आणि सल्ल्यासाठी व मदतीसाठी १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक. २०१५ पासून जिल्ह्याच्या ठिकाणी ‘सखी’ नावाची वन स्टॉप सेंटरे उघडली गेली. तेथे औषधोपचार, पोलिसांचे साहाय्य, समुपदेशन, वकिलाचा सल्ला आणि काही दिवसांचा आसरा एका छपराखाली मिळावा, अशी योजना आहे. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली पोलीस आयुक्तालयातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. पोलिसांच्या आवारात समाजकार्यकर्ती बसलेली पाहून स्त्रीला धीर येतो, ही त्यामागील कल्पना साधी होती. ती इतकी उपयोगी ठरली, की असे कक्ष पुढे महाराष्ट्रभर आणि अन्य राज्यांतही निघाले. वकिलाची फी हीही अडचण नव्हे. १९८७ च्या कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो.

कायद्याने नेमलेला संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल तयार करून दंडाधिकाऱ्याकडे पाठवितो. अर्जाची पहिली तारीख सामान्यतः तीन दिवसांत असावी आणि निकाल ६० दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात ही मुदत वारंवार उलटते. पुष्कळ ठिकाणी संरक्षण अधिकाऱ्याचे काम दुसऱ्या पदाच्या जोडीला सोपविलेले असते, आणि जोडीला आलेले काम मागे पडते, हे सरकारी कचेरी पाहिलेल्या कोणासही सांगावयास नको. म्हणूनच अर्जासोबत अंतरिम आदेशाची मागणी करावी. निकालाची वाट न पाहता तो देण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यास आहे.

शेजाऱ्यांनाही येथे जागा आहे. हिंसा होत असल्याची खबर कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला देऊ शकतो, आणि ती प्रामाणिकपणे दिली असेल तर त्याच्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. माहेरच्यांचे काम मात्र अधिक नाजूक. ‘दिल्या घरी सुखी राहा’ म्हणून परत पाठविणे जितके घातक, तितकेच ‘आजच सोडून ये’ असा हट्ट धरणेही. कारण घर सोडण्याची वेळ ही पुष्कळदा सर्वांत धोक्याची असते. ती कधी निघेल, हे तिचे तिला ठरवू द्यावे. तोवर आधार कार्ड, बँकेचे पासबुक, विवाहाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, दागिन्यांच्या पावत्या, डॉक्टरांचे कागद यांच्या प्रती विश्वासू नातलगाकडे असाव्यात, थोडे पैसे बाजूला असावेत. जखम झाली असता डॉक्टरला खरे कारण सांगून ते लिहवून घ्यावे. आणि एकदा बाहेर पडलेली मुलगी परत गेली, पुन्हा आली, पुन्हा गेली, तरी वहिनीने वा मावशीने तिचा फोन प्रत्येक वेळी तितक्याच आपुलकीने उचलावा.